देवगिरीचे ताल आणि पॅरिसचा वर्ग : ओलिव्हिए मेसियाँ

तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. राज्याचा जमाखर्च सांभाळणं हे त्याचं काम. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबांच्या वेळी दक्षिणेत येऊन स्थिरावलेलं. याच माणसानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. ग्रंथाच्या सात अध्यायांपैकी पाचवा तालाचा आहे आणि त्यात १२० देशी तालांची यादी आहे. सातशे वर्षांनी ही यादी पॅरिसमधल्या एका तरुण संगीतकाराला फ्रेंच संगीतकोशाच्या पानांत सापडली. त्यानं ती तोंडपाठ केल्यासारखी वापरली, आपल्या विद्यार्थ्यांना शिकवली, आणि विसाव्या शतकातलं युरोपचं संगीत ज्यांनी घडवलं त्यांच्यातले बरेच जण त्याच्याच वर्गातून बाहेर पडले. त्याचं नाव ओलिव्हिए मेसियाँ.

मराठी रसिकांना हे नाव फारसं माहीत नाही याची मला खरोखर हळहळ वाटते. विसाव्या शतकातलं पाश्चात्त्य अभिजात संगीत म्हटलं की आपल्याकडे अनेकांना धास्ती वाटते. चाल सापडत नाही, ठेका सापडत नाही, आणि कार्यक्रमपत्रिकेतली माहिती वाचून गोंधळ आणखी वाढतो. मेसियाँ यांच्या वाटेनं गेलं तर ही धास्ती कमी होते, कारण त्यांना पडलेले प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी फ्रान्समधल्या आव्हिन्यों इथं झाला. वडील इंग्रजीचे शिक्षक आणि शेक्सपिअरच्या नाटकांचे फ्रेंच अनुवादक. आई सेसिल सोव्हाज कवयित्री. पोटातल्या बाळाला उद्देशून तिनं कवितांची एक मालिकाच लिहिली होती, आणि ते बाळ म्हणजे ओलिव्हिए. पहिल्या महायुद्धात वडील आघाडीवर गेले तेव्हा ही मंडळी ग्रनोबलला आजीकडे राहिली. तिथं हा मुलगा खेळण्यातला रंगमंच मांडून धाकट्या भावाला शेक्सपिअर ऐकवायचा. पडद्यांसाठी सेलोफेनचे रंगीत कागद लावायचा, म्हणजे उजेड रंगीत होऊन आत पडावा. रंगांचं हे वेड पुढं आयुष्यभर टिकलं. दहा वर्षांचा असताना एका शिक्षकांनी त्याला फ्रेंच संगीतकार डेब्यूसीच्या ऑपेराची स्वरलिपी भेट दिली, आणि अकराव्या वर्षी तो पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयात, दाखल झाला. १९३१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पॅरिसच्या ला त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली, ती १९९२ साली मृत्यूपर्यंत राहिली. मेसियाँ श्रद्धाळू कॅथलिक होते आणि त्यांच्या बहुतेक रचनांमागे ही श्रद्धा आहे.

आता त्या तालांकडे येऊ, कारण मेसियाँ समजायचे तर किल्ली इथं आहे.

शाळेत वृत्तं शिकताना आपण लघु-गुरू मोजायचो. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. देशी तालांचं मोजमाप याच जातीचं आहे, फक्त दोन्ही टोकांना वाढवलेलं. द्रुत म्हणजे अर्धी मात्रा, प्लुत म्हणजे तीन. शिवाय ‘विराम’ नावाची एक खूण असते. ती द्रुतावर लागली की त्याच्या निम्म्यानं भर पडते. आज तबल्यावर आपण ऐकतो त्या तीनताल-झपतालाहून ही नोंद वेगळी आहे. तिथं बोल ठरलेले, सम ठरलेली, खाली ठरलेली. कोशात मेसियाँना दिसली ती लहानमोठ्या कालखंडांची नुसती एक ओळ.

युरोपातल्या संगीताची सवय निराळी होती. तिथं एकसारखे ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्याचे दोन, तीन, चार असे समान भाग होतात. काळ वरून खाली वाटत यायचा. शार्ङ्गदेवाच्या यादीत काळ एकेक तुकडा जोडत बनतो आणि बेरीज किती होईल याची फिकीर नसते. ग्रीक छंदांचा अभ्यास मेसियाँनी कॉन्झर्व्हेटरीत केला होता, तिथंही दीर्घ-ऱ्हस्वाचा हाच हिशेब. पण १२० तालांच्या यादीनं त्यांच्यापुढं खजिनाच उघडला.

त्यांचं आवडतं उदाहरण ‘रागवर्धन’. त्यात क्रमानं द्रुत, विरामासह द्रुत, द्रुत आणि प्लुत. पाव मात्रेचं एकक धरलं तर आकडे येतात २, ३, २, १२. हातानं टाळी देऊन पाहा. दोन-दोन-दोन असं सरळ चाललं असतं, पण मधल्या दोनाला एक चिकटलाय. त्या एवढ्याशा पाव मात्रेनं लय जागी होते. मेसियाँनी हा जादाचा तुकडा उचलला आणि आपल्या पद्धतीचा पाया केला. सरळ चाललेल्या लयीत कुठंतरी एक छोटा कालखंड वाढवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याचे कान ठोका मोजणं सोडून देतात. त्यांचं जवळपास कुठलंही पान काढा, ही वाढ दिसेल.

दुसरी गोष्ट त्यांना याच तालात सापडली. २, ३, २ उलटं वाचलं तरी २, ३, २ च येतं. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य आपण लहानपणी दोन्ही बाजूंनी वाचून एकमेकांना दाखवलेलं असतं, तसंच हे. पाश्चात्त्य रचनाकारांची एक फार जुनी युक्ती आहे: सुरावट किंवा लय शेवटाकडून सुरुवातीकडं वाजवायची, की नवं साहित्य हाती येतं. पण लयच दोन्हीकडून सारखी असेल तर ही युक्ती चालत नाही, उलटं करून काही बदलतच नाही. मेसियाँना या न चालण्याचीच ओढ होती. १९४४ साली आपल्या संगीतभाषेवर त्यांनी पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात ते याला ‘अशक्यतेची मोहिनी’ म्हणतात. त्यांच्या मते पुढं-मागं सारखीच असणारी लय ऐकताना काळ एका दिशेनं धावतोय ही जाणीव पुसट होते. धार्मिक माणसाला अनंतकाळ संगीतात आणायचा होता, आणि त्यासाठी हे साधन त्यांना देवगिरीच्या यादीत मिळालं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. मेसियाँना हे ताल पुस्तकातून मिळाले, गुरूपुढं बसून नाही. त्यांच्या रचनेत समेवर येण्याचा आनंद शोधू नये, तो तिथं नाही. रागवर्धन वाजतोय हे कुणी सांगितल्याशिवाय आपल्या कानाला कळणारही नाही. त्यांनी बी नेलं आणि वेगळ्या मातीत लावलं. याला उसनवारी म्हणून कमी लेखणारे अभ्यासक आहेत. मला ते पटत नाही, कारण मेसियाँनी शार्ङ्गदेवाचं नाव कधी लपवलं नाही. तालांची नावं स्वरलिपीत लिहिली, पुस्तकात छापली आणि वर्गात शिकवली.

या सगळ्याची कसोटी लागली ती युद्धात. १९३९ मध्ये ते सैन्यात भरती झाले. नजर अधू असल्यामुळं वैद्यकीय मदतनीसाचं काम मिळालं. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मनांच्या हाती सापडले आणि गोर्लित्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेले. ती जागा आता पोलंडमधल्या झगोझेलेत्सला येते. बरोबर तीन वादक कैदी होते: क्लॅरिनेटवादक आँरी आकोका, व्हायोलिनवादक जाँ ल बुलेर आणि चेलोवादक एत्येन पास्किए. कार्ल-आल्बर्ट ब्र्यूल नावाच्या एका जर्मन पहारेकऱ्यानं मेसियाँना कागद-पेन्सिल आणि एकांत मिळवून दिला. त्यातून आठ भागांचं ‘काळाच्या अंतासाठी चतुष्क’, म्हणजे या तीन वाद्यांसाठी आणि पियानोसाठी एक रचना, तयार झालं आणि १५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, छावणीच्या बराकीत पहिल्यांदा वाजलं. पाच हजार श्रोते होते आणि चेलोला तीनच तारा होत्या, असं मेसियाँ पुढं सांगत. स्वतः पास्किए म्हणत की तारा चारही होत्या. बराकीत माणसं काहीशेच मावत असणार. कथेला अशी भर न घालताही ती संध्याकाळ पुरेशी विलक्षण आहे.

पहिल्या भागातला पियानो पाहा, म्हणजे वरचं सगळं गणित एका जागी दिसेल. पियानोच्या लयीत १७ कालखंड आहेत. ते तीन देशी तालांचे आहेत: आधी रागवर्धन उलटा करून आणि त्याच्या प्लुताचे तीन तुकडे पाडून, म्हणजे सहा, मग ‘चंद्रकला’चे सात, मग ‘लक्ष्मीश’चे चार. ही लय संपली की पुन्हा पहिल्यापासून. या लयीवर वाजतात २९ कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचे २९ गुच्छ, आणि तेही संपले की पुन्हा पहिल्यापासून. आता १७ आणि २९ दोन्ही मूळ संख्या. शाळेतला लसावि आठवा: पहिला कॉर्ड पहिल्या कालखंडावर पुन्हा यायला १७ गुणिले २९, म्हणजे ४९३ कालखंड जावे लागतात. चेलोचं चक्र आणखी वेगळ्या लांबीचं. हा भाग तीनेक मिनिटांत थांबतो, चक्रं जुळण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे आपल्याला ऐकू येतो तो एका प्रचंड चक्राचा लहानसा तुकडा, आणि त्यावर व्हायोलिन आणि क्लॅरिनेट पहाटेचे पक्षी बनून गात असतात. काटेरी तारांच्या आत बसून माणूस काळाचा हा हिशेब मांडत होता. मला यात त्यांची सगळ्यात मोठी ताकद दिसते.

स्वरांच्या बाबतीतही त्यांनी हीच अशक्यता शोधली. घरात हार्मोनियम असेल तर करून बघा. सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी एवढ्याच पट्ट्या धरा. आता रे ला सा मानून तेच अंतर ठेवून वाजवा. त्याच पट्ट्या लागतात! एरवी बिलावलसारखा थाट बारा पट्ट्यांवरून सुरू केला तर बारा निरनिराळे संच मिळतात. इथं फक्त दोनच. मेसियाँनी असे सात स्वरसंच मांडले. त्यातला दुसरा त्यांचा लाडका: सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, ध, कोमल नी. हा संच फक्त तीन पट्ट्यांवर वेगळा होतो, चौथ्यापासून पुनरावृत्ती. यात कुठल्याच स्वराला पक्कं घर मिळत नाही, त्यामुळं संगीत कुठंतरी परत जायची घाई करत नाही. एकाच जागी थांबून ते रंग बदलत राहतं. रंग हा शब्द त्यांच्यासाठी अलंकार नव्हता. कॉर्ड ऐकला की त्यांच्या मनापुढं खरोखर रंग उभे राहत. या दुसऱ्या संचाला ते निळा-जांभळा म्हणत.

‘तुरंगलीला’ ही त्यांची सगळ्यात प्रसिद्ध रचना. नाव शार्ङ्गदेवाच्याच यादीतलं. दहा भाग, सव्वा तासाहून जास्त लांबी, अवाढव्य ऑर्केस्ट्रा आणि त्यात ओंद मार्तनो हे माणसाच्या आवाजासारखं कण्हणारं विजेवरचं वाद्य. २ डिसेंबर १९४९ रोजी बॉस्टनमध्ये लेनर्ड बर्नस्टाइन यांनी ती पहिल्यांदा सादर केली. यात लय पात्रांसारखी वागते: एक लय दर वेळी वाढते, दुसरी आकसते, तिसरी तशीच राहते. मेसियाँ म्हणत, रंगमंचावर तिघे आहेत असं समजा. एक मारतो, दुसरा मार खातो, तिसरा पाहतो. रशियन संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीच्या संगीताचं विश्लेषण करताना त्यांना ही कल्पना सुचली होती.

पन्नाशीच्या दशकात ते पक्ष्यांकडे वळले, आणि माझ्या मते त्यांचं सर्वोत्तम काम इथलंच. वही-पेन्सिल घेऊन पहाटे रानात बसायचं आणि पक्ष्याचं गाणं स्वरलिपीत उतरवायचं. पक्षितज्ज्ञ जाक देलामँ यांच्याकडून त्यांनी आवाज ओळखायला शिकून घेतलं. अडचण अशी की पक्षी माणसाच्या वाद्यापेक्षा फार वेगानं आणि फार वरच्या पट्टीत गातात, आणि त्यांची स्वरांतरं पियानोच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराहून बारीक असतात. म्हणून मेसियाँ गाणं संथ करत, एक-दोन-तीन सप्तकं खाली आणत आणि अंतरं त्याच प्रमाणात रुंद करत. आवाजाचा पोत मिळवण्यासाठी प्रत्येक स्वराला वेगळा कॉर्ड देत. १९५६ च्या ‘परदेशी पक्षी’ या रचनेची सुरुवात आपल्या पहाडी मैनेनं होते, पुढं शामाही गाते, आणि तालवाद्यांवर देशी ताल वाजत असतात. ‘पक्ष्यांची सूची’ हा १३ पियानो रचनांचा संग्रह पावणेतीन तासांचा आहे. त्यातली सगळ्यात मोठी रचना बोरूच्या बेटात राहणाऱ्या वटवट्यावर आहे: मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशीच्या रात्री तीनपर्यंत, २७ तासांत तळ्याकाठी काय काय ऐकू येतं ते अर्ध्या तासात. रागांच्या वेळा मानणाऱ्या आपल्या कानांना दिवसाच्या प्रहरांवर रचलेलं हे संगीत सहज भिडावं.

आणि आता शिक्षक मेसियाँ. छावणीतून सुटल्यावर १९४१ मध्येच ते पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत हार्मनीचे, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाचे, प्राध्यापक झाले. रचना शिकवण्याचा अधिकार मात्र नव्हता, म्हणून ज्यांना खरं काही शिकायचं होतं त्यांचा वर्ग ते एका मित्राच्या घरी घेत. १९४७ पासून संगीताच्या विश्लेषणाचा वर्ग मिळाला. रचनेचं प्राध्यापकपद १९६६ साली, म्हणजे जगभर नाव झाल्यावर. १९७८ मध्ये निवृत्त झाले. अधिकृत पद काहीही असो, वर्ग त्यांचाच असायचा. मोझार्टच्या पियानो कॉन्चेर्तोपासून चर्चमधल्या ग्रेगोरियन गायनापर्यंत, बालीच्या गामेलान या वाद्यवृंदापासून शार्ङ्गदेवाच्या तालांपर्यंत सगळं पियानोवर वाजवून उलगडायचं. पॅरिसच्या त्या काळच्या शिस्तीत हे अघटित होतं.

१९५० च्या सुमारास त्यांच्याकडे एक ग्रीक तरुण आला. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला, प्रसिद्ध वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात नोकरी करणारा, युद्धात एक डोळा गमावलेला. हार्मनी-काउंटरपॉइंट, म्हणजे रचनेचे रूढ नियम, पहिल्यापासून शिकू का, असं त्यानं विचारलं. कुठल्याही शिक्षकानं हो म्हटलं असतं. मेसियाँनी नको म्हटलं: तुम्ही तिशीला आलात, तुम्ही ग्रीक आहात, वास्तुविशारद आहात, गणित शिकलात, हेच तुमच्या संगीतात आणा. तो तरुण यानिस झेनाकिस. इमारतीच्या वक्ररेषा आणि संभाव्यतेचं गणित घेऊन त्यानं जे संगीत रचलं तसं आधी कुणी रचलं नव्हतं.

पिएर बुलेझ, कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन, ग्रीसचे मिकिस थिओडोराकिस, पुढच्या पिढीतले त्रिस्ताँ म्युराय आणि जेरार ग्रिझे, सोळाव्या वर्षी आलेला इंग्रज जॉर्ज बेंजामिन, निवृत्तीनंतर घरी शिकलेला चिनी छन छीकांग: हे सगळे त्यांचेच विद्यार्थी. यांच्यातल्या कुणाचंही संगीत दुसऱ्यासारखं नाही, आणि गुरूसारखं तर नाहीच. आपल्याकडं घराण्याची छाप शिष्यात दिसणं ही कौतुकाची गोष्ट मानतात आणि त्याला कारणंही आहेत. मेसियाँनी उलटी वाट धरली. शिष्याचं स्वतःचं काय आहे ते आधी ऐकायचं, जसं ते रानात बसून ऐकत.

याची किंमतही त्यांनी मोजली. १९४९ मध्ये त्यांनी पियानोसाठी एक प्रयोग केला: प्रत्येक स्वराला त्याची ठरावीक लांबी, ठरावीक जोर आणि ठरावीक आघात बांधून टाकला. बुलेझ आणि स्टॉकहाउझेन यांनी हा प्रयोग उचलून त्याचं कडक शास्त्र बनवलं, आणि काही वर्षं युरोपातल्या तरुण रचनाकारांवर त्याचंच राज्य होतं. खुद्द मेसियाँ मात्र त्या वाटेनं पुढं गेले नाहीत, पक्ष्यांकडे निघून गेले. बुलेझनं तरुणपणी ‘तुरंगलीले’सारख्या रचनांवर जहरी टीका केली होती. मेसियाँनी दार बंद केलं नाही. पुढं त्याच बुलेझनं जगभर त्यांच्या रचना सादर केल्या.

पहिली पत्नी क्लेअर देल्बोस व्हायोलिनवादक आणि रचनाकार होती. युद्धानंतर तिची स्मृती गेली आणि १९५९ मध्ये मृत्यू होईपर्यंत ती शुश्रूषागृहात होती. मुलाला मेसियाँनी वाढवलं. १९६१ मध्ये त्यांनी पियानोवादक इव्हॉन लोरिओशी लग्न केलं. ती १९४१ च्या पहिल्याच वर्गातली विद्यार्थिनी. त्यांचं पुढचं बहुतेक पियानोसंगीत तिच्या बोटांसाठी लिहिलेलं आहे, आणि ते इतकं अवघड का आहे याचं उत्तरही तिच्या तयारीत आहे.

२७ एप्रिल १९९२ रोजी मेसियाँ गेले. शेवटची मोठी रचना, परलोकावरची अकरा भागांची ‘झलक’, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसाठी पूर्ण झाली होती, पण त्यांना ती ऐकायला मिळाली नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला तेव्हा संचालन करत होते मुंबईचे झुबिन मेहता.

ऐकायला सुरुवात करायची तर छावणीतल्या चतुष्काचा पाचवा भाग घ्या. फक्त चेलो आणि पियानो, गतीची सूचना ‘अनंत संथ’. अतिविलंबित ख्यालात रमणाऱ्याला तो जड जाणार नाही. मग तिसरा भाग, एकट्या क्लॅरिनेटचा: आकोकानं तो छावणीत पोचायच्या आधीच, कैदेत असताना उघड्या मैदानात पहिल्यांदा वाजवून पाहिला होता. त्यानंतर पहाडी मैनेसाठी ‘परदेशी पक्षी’, पंधरा मिनिटांचंच काम आहे. ‘तुरंगलीला’ सगळ्यात शेवटी, आणि एका बैठकीत पूर्ण. तुकड्यांत ऐकली तर ती नुसती गोंगाटी वाटते.